गवळणीच्या डोक्यावरची छत्री

आमचे हे, म्हणजे हिंदुराव. घेतलंय बाई नाव, आता उखाणा कुणी मागू नका. तर आमचे हे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. बोलणं मोजकं, राग नाकावर, आणि लेथवर केसाएवढा फरक चालायचा नाही तसा घरातही चालायचा नाही. असा माणूस रिटायर झाल्यावर काय करील? कुणी देवळात बसतं, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन लोकांच्या डोक्याला ताप देतं. यांनी शेण गोळा केलं. हसा खुशाल. मीही आधी हसलेच होते, मग कपाळावर हात मारला.

त्याला कारण आमची तेजल. एकुलती एक. उल्हासनगरच्या कॉलेजात बॉटनीत एमएस्सी करत होती आणि शेवटच्या वर्षाला तिनं प्रोजेक्ट घेतला तो शेणावरच्या बुरशीचा. गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर किती जातींची बुरशी उगवते, ते बघत बसायचं. मी म्हटलं, अगं, मोगऱ्यावर कर, जास्वंदीवर कर, शेणच सापडलं का तुला? तर म्हणाली, "आई, एवढ्याशा शेणात अख्खं रान असतं. तुला दिसत नाही म्हणून नाही असं थोडंच आहे?"

मला कुठलं दिसायला. मला दिसत होते ते माझे श्रीखंडाचे डबे. जपून ठेवलेले, धुऊन पुसून. त्यांच्या तळाला ओला टिपकागद, त्यावर कुठं म्हशीचं शेण, कुठं शेळीच्या लेंड्या, वर झाकण. चिखलोलीच्या नव्या फ्लॅटची गॅलरी, कर्ज काढून घेतलेली, तिथं मी तुळस आणि गवती चहा लावणार होते. तिथं ही रांग लागली. खालच्या मजल्यावरची तर मला लिफ्टमध्ये विचारायची, "काकू, गाय पाळलीय का हो?"

आणि आणून कोण देणार? हेच. मुलीनं एकदा म्हणायचा अवकाश, हे स्कूटरला पिशवी अडकवून निघाले. गाईचं आणि म्हशीचं शेण शेजारच्या बुधाजीच्या गोठ्यातून. बुधाजी इथला जुना शेतकरी, टॉवर उठले तरी त्यानं मधोमध गोठा राखला होता. शेळीच्या लेंड्या विठ्ठलवाडीच्या चाळींमागून. सशाच्या लेंड्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, त्यासाठी मलंगगडाच्या पायथ्याला गवतात वाकून वाकून हिंडायचे. एकदा मीही गेले होते सोबत. कार्तिकातलं ऊन, गवत पिवळं पडलेलं, वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. हा माणूस गुडघ्यावर बसून मातीत बोटं फिरवत होता आणि चेहऱ्यावर असं काही हसू होतं की मी बोलायचीच थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो चेहरा पाहिला नव्हता.

राहिली घोड्याची लीद. उल्हासनगरात फर्निचरच्या दुकानांमागे एक तबेला आहे, लग्नाच्या वरातीच्या घोड्या असतात तिथं. तिकडे रोज कोण जाणार? यांनीच तोड काढली. फॅक्टरीत यांच्या शेजारच्या मशीनवर राजेंद्रभावजी होते. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच डब्यात जेवलेले. त्यांचा मुलगा मुकेश उल्हासनगरात इन्शुरन्सच्या ऑफिसात. हेच त्यांना म्हणाले, "तुझ्या पोराला सांग, येता येता लीद घेऊन ये." पोरगं गुणी. टाय लावून, इस्त्रीच्या शर्टात, हातात लिदीचा डबा घेऊन यायचं. आता जी गोष्ट घोड्याच्या लिदीवरून सुरू झाली ती अशी पुढं जाईल हे कुणाच्या स्वप्नात होतं? यांच्या तर नव्हतंच.

पण ते नंतर. आधी ते डबे.

एका रविवारी दुपारी मी पोळ्या उरकून पंख्याखाली पडले होते. तेजलनं हाताला धरून उठवलं आणि गॅलरीत नेलं. म्हणाली, "बघ एकदा, मग काय ते बोल." यांच्या खिशात फॅक्टरीतलं एक छोटं भिंग कायम असायचं, ते काढून तिनं माझ्या डोळ्याला लावलं. घोड्याच्या लिदीचा डबा होता. मी नाक मुरडूनच वाकले.

काय सांगू? सगळीकडे काचेच्या टाचण्या उभ्या होत्या. खरंच काच वाटावी इतक्या नितळ. प्रत्येकीच्या माथ्यावर एक काळी टिकली, अंगावर दवाचे थेंब, आणि सगळ्या झाडून खिडकीकडे वाकलेल्या. तेजल हळूच सांगत होती, की उजेड जिकडे असेल तिकडे या वळतात आणि ती काळी टोपी जोरात फेकतात. टोपी जाऊन गवताला चिकटते, जनावर गवत खातं, बी पोटातून फिरतं, आणि पोटातल्या उबेशिवाय ते जागंच होत नाही. झाकणाच्या खिडकीकडच्या बाजूला बारीक काळे ठिपके पडले होते. मी बघत राहिले. शेजारच्या डब्यात म्हशीच्या शेणावर पिवळ्या वाट्या मांडल्या होत्या, बाहुलीच्या भातुकलीत मावतील एवढ्या. लेंड्यांवर काळ्या सुरया होत्या, माना एका बाजूला कललेल्या. प्रत्येक जनावराचं रान वेगळं. घोडीचं वेगळं, शेळीचं वेगळं, त्या कधी न दिसलेल्या सशाचं वेगळं. मी वर पाहिलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि दूध ओट्यावर तसंच राहून नासलं होतं.

त्या दुपारपासून मी डब्यांना नावं ठेवणं बंद केलं. हे तर पार वाहून गेले. बाप लेक डोक्याला डोकं लावून बसायचे. हे मला म्हणायचे, "मला काल स्वप्न पडलं, मी एवढासा झालोय आणि त्या टाचण्यांमधून चालतोय, वरून दव गळतंय." टर्नर माणूस, स्वप्नं सांगायला लागला.

तेजलची एकच हळहळ असायची. शेणावर सगळ्यात शेवटी उगवते ती छत्री. राखाडी, नाजूक, पहाटे उघडणार आणि दुपार व्हायच्या आत विरघळून तिची काळी शाई होणार. तेजल तिला शाईची छत्री म्हणायची. दर वेळी ही उजाडायच्या आत कॉलेजला निघालेली, येईपर्यंत डब्यात नुसतं काळं पाणी. "बाबा, मला ती एकदा उभी बघायचीय," म्हणायची. हे म्हणायचे, "बघशील गं, पळून जातेय काय?"

पळून तेजलही गेली नाही. समोर बसून सांगितलं तिनं, मी मुकेशशी लग्न करणार. झालं. यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

आता मी स्पष्ट बोलते, मला कुणाची भीती नाही. राजेंद्रभावजी बौद्ध, आम्ही मराठा. तीस वर्षं यांनी त्यांच्या डब्यातली सुकट खाल्ली, बोटं चाटून खाल्ली, घरी येऊन मला सांगितलं की यशोधरावहिनींसारखं तुला जमत नाही. तेव्हा जात कुठं गेली होती? आणि लेकीनं त्याच घरात जायचं म्हटलं तर म्हणे गावाला काय तोंड दाखवू. साताऱ्याकडचे भाऊबंद वर्षातून एकदा फोन करतात, तोही ऊस गेला का नाही हे सांगायला. मी सगळं ऐकवलं. भिंतीला ऐकवलं असतं तर भिंत तरी पडली असती.

गेल्या फाल्गुनात त्यांचं रजिस्टर लग्न झालं. मी गेले. नथ घालून गेले. हे नाही आले. नंतर मी तेजलला भेटायचे, सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात, घरात सांगून उघडपणे. हे विचारायचे नाहीत, मीही सांगायची नाही. एकदाच म्हटलं, निदान घरी जाऊन चहा तरी घ्या. तर म्हणाले, "लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही." अशी रीत आहे आमच्यात, खोटं नाही. पण यांना तेव्हाच कशी आठवली?

डबे एकेक करून सुकले, मी टाकले. एक मात्र राहिला, तिच्या लग्नाआधीचा. बुधाजीनं जागा बिल्डरला दिली, जनावरं वांगणीकडे पाठवली, त्याच्या आदल्या आठवड्यात तेजलनं त्याच्या गाईचं शेण आणून वाळवून ठेवलं होतं. ती सांगायची, वाळलं की आतली बी झोपून राहते, पाणी लागलं की उठते. तो डबा माळ्यावर होता. हे अधूनमधून स्टुलावर चढून खाली काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि पुन्हा ठेवायचे. उघडायचे नाहीत. मी बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

दिवाळी आली. लेकीची लग्नानंतरची पहिली दिवाळी, दिवाळसण. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, हौस करायची. माझा जीव नुसता तुटत होता. विचारलं, "बोलवू का?" हे उठून आकाशकंदिलाची वायर नीट करायला लागले. मला दुसरं काही नको होतं हो. दिवाळीचा लाडू मेला घशाखाली उतरत नाही, लेक स्कूटरच्या अंतरावर असताना.

वसुबारसेला आमच्या साताऱ्याकडे शेणाच्या गवळणी करतात. अंगणात मांडायच्या, मुठीएवढ्या बायका, डोक्यावर फूल, हळदीकुंकू वाहायचं. फ्लॅटमध्ये आल्यापासून मी गॅलरीत मांडायची, शेण बुधाजीकडचं. यंदा गोठाच नाही. मोबाईलवर मिळतं म्हणे, गाईचा फोटो छापलेल्या पिशवीत. म्हटलं, घरात शेण असताना मी पार्सल मागवू? राग तर डोक्यात होताच. स्टुलावर चढले, तो डबा काढला, कोमट पाण्यात शेण भिजवलं, मळलं आणि पाच गवळणी केल्या. झेंडू खोवला. झकास झाल्या.

हे बाजारातून आले, गॅलरीत पाहिलं, मग ओट्यावर धुऊन पालथा घातलेला डबा पाहिला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. खुर्चीवर बसले. आवाज इतका लहान होता की मला पुढं यावं लागलं.

"ते तिचं होतं," म्हणाले.

इतक्या महिन्यांत तिचं नाव नाही, 'ती' नाही, आणि आज हे. पण मीही मागे हटणारी नाही. म्हटलं, "तिचं होतं तर तिला द्यायचं होतं. माळ्यावर कशाला पुरलं होतं?" हे उठून तो रिकामा डबा पुसायला लागले.

पाडवा तसाच गेला. मी यांना ओवाळलं, यांनी ताटात ओवाळणी टाकली, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भाऊबीज झाली की गवळणी उचलायच्या असतात. मी उचलायला गेले तर हे म्हणाले, "राहू दे." इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली घेऊन गवळणींवर फवारत बसले होते. वर केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण पालथं घातलं. नातवंडांना जपायच्या वयात माणूस गवळणींना जपत होता.

मग गवळणी जाग्या व्हायला लागल्या. आधी पांढरी लव आली, थंडीत शाल घेतल्यासारखी. मग एका सकाळी त्या काचेच्या टाचण्या, पाचही जणींच्या खांद्यांवर, सगळ्या उजेडाकडे वाकलेल्या. झाकणावर ठिपके पडले. मग पिवळ्या वाट्या. मी फोडणी टाकून यायची आणि तिथंच बसायची. आम्ही बोलत नव्हतो, पण भिंग एकमेकांच्या हातात देत होतो. धुकं असायचं, समोरच्या टॉवरची क्रेन अर्धीच दिसायची. कधी मला वाटायचं मी माहेरच्या अंगणात आहे आणि हे सगळं चिखलोली वगैरे मला पडलेलं स्वप्न आहे.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी यांनी मला हाक मारली. मधल्या गवळणीच्या डोक्यावर, झेंडू गळून पडला होता तिथं, एक छत्री उभी होती. बोटाच्या पेराएवढी. राखाडी, पातळ, उजेड आरपार जात होता, आणि माथ्यापासून काठापर्यंत बारीक रेघा. डोक्यावर घागर घेऊन निघालेली गवळण बघावी, तशी ती दिसत होती.

खाली सोसायटीत तुळशीच्या लग्नाचा मांडव घालत होते, ऊस बांधत होते, बँडची चौकशी चालली होती. मला राहवलं नाही. "तुळशीच्या लग्नाला वर्गणी दिलीत ना? लेकीच्या लग्नाला अक्षता टाकायला हात उठला नाही." बोलले आणि मला वाटलं उगाच बोलले. यांनी मान वर केली नाही. छत्रीच्या काठाला एक काळी रेघ उमटायला लागली होती. ऊन गॅलरीच्या कठड्यावर आलं होतं.

"तिनं ही उभी कधी बघितली नाही," हे म्हणाले.

आणि उठले. आत गेले. मला वाटलं नेहमीसारखे जाऊन झोपतील भिंतीकडे तोंड करून. तर पँट चढवून, स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर आले. "ताट आण. मागं बस. हलू देऊ नकोस." मी पायात चप्पल कुठली घातली तेही मला कळलं नाही. एक माझी होती, एक यांची.

चिखलोली ते अंबरनाथ. मी मागं, मांडीवर ताट, ताटात गवळण, वर केकचं झाकण. हा माणूस स्कूटर अशी चालवत होता की बैलगाडी पुढं जाईल. खड्डा आला की पाय टेकवायचा. मागून ट्रकवाले शिव्या घालत होते. मी झाकणातून बघत होते, काठ काळा होत वर सरकत होता. म्हटलं, "अहो, जरा चालवा." "हलेल." "अहो, विरघळतेय." "किती राहिलीय?" मी सांगत गेले. अर्धी आहे. अर्ध्याला कमी आहे. सिग्नलला एक थेंब गवळणीच्या कपाळावर ओघळला. मी तेही सांगितलं. यांची पाठ मला दिसत होती. शर्ट ओला झाला होता आणि खांदे हलत होते. मी आणखी काही सांगितलं नाही.

राजेंद्रभावजींना हे वर्षानुवर्षं त्यांच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर सोडायचे, जिना कधी चढले नव्हते. आज चढले, ताट माझ्या हातून घेऊन, दोन्ही हातांनी धरून. दार तेजलनं उघडलं. आत राजेंद्रभावजी बनियनवर पेपर वाचत होते. त्यांच्याकडे दिवाळीही नसते आणि तुळशीचं लग्नही नसतं, साधा दिवस होता, मुकेश ऑफिसला गेला होता. डाळीला लसणाची फोडणी बसली होती.

यांनी झाकण काढलं. छत्री नव्हती. एक वाकलेला दांडा आणि गवळणीच्या तोंडावरून छातीपर्यंत काळी शाई. यांच्या अंगठ्यालाही लागली होती.

"तेजल, उभी होती गं," हे म्हणाले. "सकाळी उभी होती. मी... उशीर केला." इतका मोठा माणूस दारात उभा राहून रडत होता आणि हातातलं ताट हलू नये म्हणून डोळेही पुसत नव्हता. मी तर केव्हाची रडत होते.

तेजलनं बापाकडे पाहिलंच नाही. तिनं ताटाकडे पाहिलं. मग काही न विचारता हात पुढं करून यांच्या खिशातलं भिंग काढलं, पूर्वी काढायची तसं, आणि वाकली. "बुधाजीकाकांच्या गाईचं ना हे?" मी हो म्हटलं. बराच वेळ बघत होती. तिचं नाक लाल झालं होतं.

"ही गेली, बाबा," ती म्हणाली. "पण मानेपाशी बघा. कळी आहे."

यांनी डोळे बारीक केले. "कधी उघडेल?"

"पहाटे. ओलं ठेवलं तर. पण आता हलवायचं नाही कुठं. आणि कुणीतरी लक्ष ठेवायला लागेल."

हे उंबऱ्याच्या अलीकडे होते. पायात बूट तसेच. राजेंद्रभावजींनी पेपर खाली ठेवला होता, पण ते उठले नाहीत, नुसते बघत होते. यशोधरावहिनी कढई उतरवून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मला वाटलं, आता हे ताट तिच्या हातात देतील आणि वळतील. ओळखते ना मी.

"मग मी राहतो," हे म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले. हात ताटात अडकलेले, त्यामुळे बूट निघेनात. तेव्हा तेजल खाली बसली आणि तिनं नाड्या सोडल्या.

जेवण झालं. हे जेवले, पाणीही प्यायले. मला मात्र निघावं लागलं, तुळशीच्या लग्नाचा प्रसाद माझ्याकडे होता. हे गवळणीपाशी सतरंजीवर बसले होते, "जाशील ना नीट?" एवढं म्हणाले, नजर कळीवरच. मी रिक्षा केली आणि पायात दोन वेगळ्या चपला घालून रस्ताभर रडत आले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ताई, सब ठीक है ना? कोई सीरियस है क्या?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं, "माझा नवरा लेकीकडे मुक्कामाला राहिलाय."